औंढ्याला थांबणारा दिवा

लाईट गेली की आमच्या गल्लीत प्रत्येकजण टॉर्च समोरच्याच्या तोंडावर मारायचा. कोण आहे, कुठे निघालंय, हातात काय आहे हे बघायला. खिल्लारेमामा मात्र टॉर्च स्वतःच्या तोंडावर मारायचे. तीन सेलचा स्टीलचा टॉर्च हनुवटीखाली धरायचा, बटण दाबायचं आणि मग बोलायला सुरुवात करायची. खालून उजेड आला की त्यांच्या मिशा पार भुवयांना टेकायच्या आणि नाकाची सावली कपाळावर चढायची. माझ्या धाकटीने पहिल्यांदा हे पाहिलं, तेव्हापासून कितीतरी दिवस ती त्यांच्या दारावरून एकटी जायला तयार नव्हती.

"मामा, टॉर्च खाली धरा की," मी एकदा वैतागून म्हटलं. "तुमचं तोंड माहीत आहे आम्हाला."

"आसू द्या ताई," टॉर्च तसूभरही न हलवता ते म्हणाले. "बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाह्यजे. अंधारात बोलनं म्हणजे बिनतिकिटाचा प्रवास."

मामा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी हिंगोली-नांदेड रस्त्यावर गेली. रिटायर झाल्यावर सेनगावला स्टँडच्या मागे दोन खोल्या बांधून राहिले आणि पुढे माझी बदली सेनगावच्या शाळेत झाली तेव्हा आम्ही त्यांच्या शेजारी भाड्याने आलो. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा, पाट्या नव्या, पण लाईट जुनीच. सकाळी जायची, संध्याकाळी जायची आणि असायची तेव्हाही अशी असायची की बल्बची तार नुसती लाल दिसायची. त्यामुळे टॉर्च ही आमच्याकडे चपलेइतकी नेहमीची वस्तू होती.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की माझे वडील वायरमन होते. त्यांच्याकडून मला वारशात घर मिळालं नाही, शेत मिळालं नाही, एक टेस्टर मिळाला. माझ्या पर्समध्ये एखादे दिवशी कंगवा नसेल, पण टेस्टर असतो. आमच्या ह्यांना विजेची इतकी भीती की बल्ब बदलायचा म्हटलं तर आधी रबरी चप्पल शोधतात आणि चप्पल सापडली की मला शोधतात. गल्लीतल्या इस्त्र्या, मिक्सर, पंखे माझ्याकडे यायचे आणि त्यात मला मोठेपणाही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मामांनी नोकरी सोडली होती, पण भाषा सोडली नव्हती. एखादी गोष्ट पसंत असली की म्हणायचे, "डबल बेल." नापसंत असली की, "सिंगल. थांबा इथंच." आमच्या घरमालकाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलगा बघून मामांनी भर बैठकीत "डबल बेल" म्हणून टाकलं होतं. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण लग्न झालं.

या सगळ्याचं हसू यायचं. राग यायचा तो त्यांच्या दुसऱ्या सवयीचा. मामींना कुणी काही विचारलं की मामा मध्ये येऊन उभे राहायचे. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. मामी दारात बसून मेथी निवडत होत्या. मी कुंपणाला टेकून सहज विचारलं, "मामी, आज भाजी काय?"

मामा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर टाकला, उठून आले, मामींच्या पुढ्यात उभे राहिले आणि तिकीट मागितल्यासारखं म्हणाले, "भाजी. भाजी काय हाय म्हणून इचारून राहिल्या ताई."

मी हातभर अंतरावर उभी. मेथी तर माझ्या डोळ्यांपुढे.

"मेथी," मामी म्हणाल्या आणि हसल्या.

मग मामा माझ्याकडे वळले. "मेथी हाय. लई चांगली करते. लसूण भरपूर, मिरची हिरवी. कडू म्हणून लागत न्हाई." पुढची सगळी माहिती त्यांनीच दिली. मामींच्या वाट्याला एक शब्द आला तेवढाच.

हे रोजचं होतं. बायका म्हणायच्या, "त्या माउलीच्या तोंडाला कुलूप हाय आन् चावी कंडक्टरच्या खिशात हाय." माझंही मत फार वेगळं नव्हतं. मी फक्त त्याला थोडं शास्त्रीय रूप दिलं होतं. जन्मभर ज्या माणसाने "औंढा? औंढा दोन. वसमत? वसमत एक" असं दुसऱ्याचं बोलणं परत बोलून पोट भरलं, त्याची जीभ आता थांबणार कशी, असं मी म्हणायचे.

आणि चालणं. पौर्णिमेला दोघं विहारात निघायची. मामी पांढऱ्या साडीत, हळूहळू, सरळ. मामा त्यांच्या चार पावलं पुढे आणि उलटे. म्हणजे तोंड मामींकडे, पाठ रस्त्याकडे, आणि हातवारे करत बोलणं चालू. बाजाराच्या दिवशीही तेच. एकदा असेच मागे सरकत सरकत ते एका माळणीच्या कांद्याच्या ढिगात बसले. माळणीने जो काही उद्धार केला तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, कपडे झटकले आणि पुन्हा उलटे चालू लागले.

"सरळ चाला की मामा," मी म्हटलं.

"न्हाई जमत ताई. जल्मभर ड्रायवरकडं पाठ आन् पॅसेंजरकडं तोंड करून हुबा राह्यलो. आता सरळ चाललो की गरगरून राह्यतं."

मला ते पटलं होतं. पटण्यासारखंच होतं.

त्यांच्या घरातली सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे पुढच्या खोलीतला डिमर. मामांनी तो घर बांधतानाच नांदेडहून आणून बसवून घेतला होता. पांढरं गोल बटण, उजवीकडे फिरवलं की बल्ब वाढतो, डावीकडे फिरवलं की उतरतो. सेनगावात तेव्हा तो बघायला माणसं यायची म्हणे. आणि मामांनी त्या बटणाभोवती बोर्डावर निळ्या रंगाने बारीक अक्षरात गावं लिहिली होती. अगदी डावीकडे हिंगोली, मग औंढा, मग वसमत आणि शेवटी नांदेड. पाहुणे आले की म्हणायचे, "वसमतला घ्या." पेपर वाचायचा असला की नांदेड. एरवी संध्याकाळी दिवा कायम औंढ्याला असायचा. त्या उजेडात समोरासमोर दोन खुर्च्या टाकून मामा-मामी बसलेले खिडकीतून दिसायचे. शेजारी शेजारी बसलेले मी त्यांना कधीच पाहिले नाहीत. आवाजही यायचा नाही. मी समजायचे, बाहेर एवढं बोलून दमलेला माणूस घरात गप्प बसत असेल.

तर मामींच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. नांदेडला ऑपरेशन झालं आणि काही दिवस मुलीकडे राहून त्या परत येणार होत्या. मामा एकटेच पुढे आले, घराची व्यवस्था बघायला. आले त्याच संध्याकाळी आमच्या दारात उभे. टॉर्च नाही, डबल बेल नाही, चेहरा उतरलेला.

"ताई, तुमचा टेस्टर घ्या आन् या जरा. घरात नांदेड लागून बसलंय."

मी गेले. पुढच्या खोलीत खरोखरच नांदेड लागलं होतं. बटण हिंगोलीपर्यंत फिरवलं तरी दिवा भक्क.

"डॉक्टरनं सांगितलंय, झगझगीत उजेड नको," मामा म्हणाले. "डोळ्यातून घळाघळा पानी येतं तिच्या. परवा आनायची हाय. तवर हे औंढ्याला आलं पाह्यजे."

वर पाहिलं तर होल्डरला बल्बच नव्हता, वेटोळ्याची पांढरी नळी होती. नवीन निघालेला सीएफएल. दिवाळीला जावयाने पुण्याहून आणला होता, वीज वाचते म्हणून.

"हा लावल्यापासून काय काय झालं?" मी डॉक्टरच्या थाटात विचारलं.

"आधी गुणगुणला. मंग डोळे मिचकावू लागला. मंग येक दिवस बोर्डातून जळका वास आला आन् तवापासून आसा."

मी त्यांना समजावलं की हे डिमर साध्या तारेच्या बल्बसाठी असतात. सीएफएलच्या पोटात स्वतःचंच यंत्र असतं, त्याला अर्धवट वीज दिली की तोही बिघडतो आणि डिमरलाही बिघडवतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दोष जावयाचा?" मी म्हटलं, बल्बचा. त्यांना जावयाचा म्हटलेलं जास्त आवडलं असतं.

साधा बल्ब लावून पाहिला. तरी नांदेड. मग मी म्हटलं, "मामा, मेन बंद करा," आणि त्यांनी गुपचूप जाऊन मेन बंद केला. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते बोर्ड उघडताना लक्षात आलं. मामांनी माझं वाक्य परत म्हटलं नव्हतं. "मेन? मेन बंद करायला सांगून राहिल्या ताई," असं काहीच नाही. मामी घरात नाहीत म्हणून करमत नसेल बिचाऱ्यांना, असा मी अर्थ लावला.

वडिलांची शिकवण अशी की मेन बंद केला तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, टेस्टर लावून खात्री करायची. केली. डिमर बाहेर काढला तर त्याची पाठ काळी पडली होती. त्याच्याकडे दोनच वायर येतात, एक मेनकडून आलेली आणि एक दिव्याकडे जाणारी. मधे बसून वीज थोडी थोडी सोडायची हे त्याचं काम. आतला भाग जळून दोन्ही टोकं चिकटून गेली होती, त्यामुळे तो आता नुसता सगळी वीज सोडत बसला होता.

"मेला," मी म्हटलं. "नवीन आणायला लागेल."

सेनगावातल्या एकुलत्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार म्हणाला, "डिमर? ताई, हितं डिमर कोन घेतंय? लाईट वरूनच मंद येऊन राहिली." मग त्याने पंख्याचा रेग्युलेटर काढून दिला. "ह्ये लावा. ह्ये बी गोलच फिरतंय."

लावून पाहिला. फिरला गोल, पण पंखा अगदीच थांबू नये म्हणून त्याची वीज एका हद्दीच्या खाली उतरत नाही. कितीही डावीकडे फिरवलं तरी दिवा वसमतच्या अलीकडे येईना.

"मामा, एवढं कशाला करताय?" मी घाम पुसत म्हटलं. "काही दिवसांचा तर प्रश्न आहे. मोठा दिवा बंद ठेवा, झिरोचा बल्ब लावू."

"झिरोत न्हाई चालत."

"मग कंदील."

"तिला रॉकेलचा धूर नको म्हनलंय डॉक्टरनं."

"मेणबत्ती?"

"मेनबत्ती हलते."

"हलली तर काय झालं? काहून चालत नाही?" एव्हाना माझी भाषाही त्यांच्यासारखी झाली होती.

"न्हाई चालत म्हणजे न्हाई चालत ताई," मामा म्हणाले आणि जळका डिमर हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसले. मग एकदम रडवेल्या आवाजात म्हणाले, "औंढाच पाह्यजे." साठी ओलांडलेला माणूस एका दिव्यासाठी असा हट्ट करतो, याचं मला त्या वेळी हसूच आलं. घरी येऊन मी ह्यांना नक्कल करून दाखवली.

शेवटी असं ठरलं की मामींना आणायला नांदेडला जातील तेव्हा मामा डिमर तिथूनच घेऊन येतील. जळका नमुना त्यांनी रुमालात बांधून बरोबर नेला. मी तोवर दोन्ही वायर वेगळ्या करून त्यांच्या टोकांना टेप लावून ठेवला आणि बाकी घराची लाईट चालू करून दिली.

परवाच्या दिवशी दिवेलागणीला दोघं आली. मामींच्या डोळ्यांवर काळा चष्मा. मी त्यांचा हात धरून आत आणलं, पलंगावर बसवलं. मामांनी पिशवीतून डिमर काढला. नवीन पद्धतीचा, जुन्यापेक्षा जरा मोठा. बोर्डाचं भोक कानसून मोठं करावं लागणार होतं. त्यात माझ्या टॉर्चचे सेल आमच्या ह्यांनी रेडिओत घातलेले.

"मामा, तुमचा टॉर्च द्या. मेन बंद केल्यावर दिसायचं नाही."

मामांनी टॉर्च दिला नाही. म्हणजे हातात घेतला, पण सोडला नाही. "लौकर होईल न्हवं?" म्हणाले.

"तुम्ही द्या तर खरं."

दिला. मी मेन बंद केला तशी आतल्या खोलीतली लाईटही गेली. मी टॉर्च बोर्डावर धरला आणि कामाला लागले. बाहेर उजेड संपत आला होता. खोलीत माणसं नुसती आकारासारखी दिसत होती. मामींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आवो," मामींचा आवाज आला. "लाईट गेली का ताईंनी बंद केली?"

मामा काही बोलले नाहीत.

"आवो, ताईंनीच बंद केली का?" या वेळी आवाज मोठा होता, घाबरल्यासारखा.

गल्लीतल्या कुणाच्याही प्रश्नाला मधे पडून उत्तर देणारा हा माणूस आज बायकोच्या प्रश्नावर गप्प बसला, याचं मला नवल वाटलं. "मामा, मामी विचारतायत," मी म्हटलं.

"टॉर्च जरा द्या ताई."

"एक मिनिट, स्क्रू हातात आहे. मामी, मीच बंद केलीय लाईट. झालंच बघा आता."

मामींनी मान वळवली नाही. माझ्यापासून त्या दोन हातांवर बसल्या होत्या. त्या अंधारात समोर कुठेतरी बघत राहिल्या आणि त्यांचा एक हात पलंगावर चाचपडत होता. मामा उठून त्यांच्या पुढ्यात खाली बसले. त्यांनी तो चाचपडणारा हात धरला, आपल्या गालावर ठेवला आणि हळूहळू मान डोलावली. वर, खाली. वर, खाली. मामींनी त्यांच्या हनुवटीवरून, ओठांवरून बोटं फिरवली आणि त्यांचा जीव खाली पडला. "व्हय का," त्या म्हणाल्या. "ताईच हायेत. बरं."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायचं मला सुचलं नाही. कुंपणापाशी येऊन परत म्हटलेले प्रश्न, उलटं चालणं, हनुवटीखालचा टॉर्च, समोरासमोरच्या खुर्च्या, हलणारी मेणबत्ती, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मामींना ऐकू येत नव्हतं. त्या मामांच्या ओठांवर बोलणं वाचत होत्या आणि अंधार झाला की त्यांच्यासाठी मामा मुके होत होते.

मी टॉर्च वळवला आणि मामांच्या तोंडावर धरला.

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मामींकडे वळून बोलायला लागले. आणि आवाज नव्हता. अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात जन्म काढलेला तो माणूस नुसते ओठ हलवून बोलत होता, सावकाश, नीट, आणि मामी मान हलवत होत्या. काय सांगितलं ते मला मामींच्या उत्तरांवरूनच कळलं. "भोक ल्हान पडलं का?" "आन् त्या दुकानदारानं पंख्याचं दिलं व्हतं?" मग त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "ताई तरी बऱ्या, तुमच्यासंगं कटकट करून राहिल्या." एवढं बोलणं मी मामींच्या तोंडून शेजारी आल्यापासून मिळून ऐकलं नव्हतं.

टॉर्च बोर्डाकडे परत नेणं मला जमेना. मी तो डाव्या हातात तसाच मामांवर धरून ठेवला आणि स्क्रू चाचपून उचलला. भोक कानसलं, वायर बसवल्या, स्क्रू कसले, सगळं उजव्या हाताने आणि अंदाजाने. वडिलांनी पाहिलं असतं तर टेस्टर परत मागितला असता.

"मेन टाकते मामा," मी म्हटलं.

मामा मामींकडे बघून नुसत्या ओठांनी काहीतरी म्हणाले आणि मामीच मोठ्याने म्हणाल्या, "डबल बेल."

दिवा लागला तो नांदेडलाच. मामींनी डोळ्यांवर हात घेतला. मामा बटणाशी धावले आणि मामींकडे तोंड ठेवून हात मागे करून ते फिरवू लागले. दिवा वसमतला आला. आणखी उतरला. मामींनी बोटं थोडी बाजूला केली, मग हात खाली घेतला. त्या पिवळट उजेडात मामांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, मिशीतला प्रत्येक केस दिसत होता.

"बस," मामी म्हणाल्या. "हितंच उतरते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले तर मामा कुंपणापाशी उभे होते. रात्री गडबडीत माझ्याकडेच राहिलेला टॉर्च परत घ्यायला आले असतील म्हणून मी तो पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि तिथेच घुटमळले.

"लई वर्सं झाली ताई," ते म्हणाले. "तापातून उठली आन् हळूहळू कान गेले. तिनंच सांगितलं, कुनाला बोलू नका."

"पण का मामा? कळलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं."

"समजून घेतेत की. लोक वरडून बोलतेत मंग." मामा टॉर्चचं बटण उगाच पुढेमागे करत होते. "वरडलेलं तिला ऐकू येत न्हाई, पन दिसतं न्हवं. वरडताना मानसाचं तोंड कसं होतं, ते तिला दिसतं. सासरी-माहेरी सगळेच वरडू लागले. सगळी दुनियाच आपल्यावर चिडून राहिली आसं वाटायचं तिला. मंग मी म्हनलं, तू फकस्त माज्याकडं बघ. मी सांगतो कोन काय म्हनलं ते."

"आणि त्या कुणाशी जास्त बोलत नाहीत ते?"

"आवाज किती निघतो ते कळत न्हाई तिला. घरात काय, कसाबी निघू द्या. चारचौघांत लाजते."

गल्ली तुम्हाला काय काय म्हणते माहीत आहे का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांना माहीत असणारच. कुलूप आणि चावीची गोष्ट त्यांच्या ओट्यापर्यंत नक्की पोचली असेल आणि ती त्यांनी चावीसारखीच खिशात ठेवली असेल. शाळेला उशीर होत होता, मी निघाले.

मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. फक्त टॉर्चमध्ये नवे सेल घातले आणि ते रेडिओत गेले तर घरात जेवण मिळणार नाही असं जाहीर केलं.

नंतर एकदा संध्याकाळी अशीच लाईट गेली. मामा दळण आणायला गेले होते. मामी एकट्याच ओट्यावर येऊन बसल्या होत्या, हात मांडीवर घेऊन, रस्त्याकडे बघत. मी कुंपणापाशी गेले, टॉर्च हनुवटीखाली धरला आणि बटण दाबलं. मागून आमच्या ह्यांचा आवाज आला, "अरे देवा, हिला पण लागण झाली." मी लक्ष दिलं नाही.

"मामी," मी सावकाश म्हटलं, "आज भाजी काय?"

मामी बघतच राहिल्या. आधी माझ्या तोंडाकडे, मग टॉर्चकडे. मामांनी सांगितलं असेल की मला कळलंय, किंवा नसेलही. त्या उठल्या, कुंपणाशी आल्या आणि हात पुढे करून माझा टॉर्च जरासा खाली केला.

"डोळ्यावर येतंय," त्या म्हणाल्या. "हां. आता बराबर दिसून राहिलं तुमचं बोलनं. काय म्हनल्या?"

"भाजी. भाजी काय केली?"

मामींनी एकदा रस्त्याच्या दिशेने पाहिलं, माझ्याकडे झुकल्या आणि अगदी गुपित सांगावं तशा बोलल्या. त्यांच्या हिशेबाने ती कुजबुज होती. प्रत्यक्षात ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

"मेथीच केली, पन मला न्हाई आवडत मेथी. कडू लागते. माह्यराला आमी कधी खाल्ली न्हाई. त्यांना वाटतं मला लई आवडते, म्हनून येवढ्या लांबून बाजारातून निवडून आनतेत. तुमी सांगू नका हां त्यांना."

गल्लीच्या वळणावर डोक्यावर दळणाचा डबा घेतलेला एक माणूस टॉर्च मारत येत होता. तो थबकला. त्याने टॉर्च विझवला आणि मामींचं बोलणं पुरं होईपर्यंत तिथेच अंधारात उभा राहिला.